आईला केमोनंतर झोपच येत नाही, गोळी सुचवा

अमळनेरकर: आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे. झोप पार उडाली. काल रात्री अडीचला उठलो तर माय ओट्यावर, मांडीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. म्हणे, "डोयाले डोया लागत नही रे भाऊ." चांगली गोळी सांगा, लवकर.

तापीकाठ: दुधात जायफळ उगाळून द्या, सोबत अश्वगंधा. बायपासनंतर आमच्या सासऱ्यांना आठ दिवसांत गुण आला.

जळगावची_सून: केमोत अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. भाऊ, केमोचं औषध कोणतं? टॅमॉक्सिफेन, म्हणजे ती हार्मोनची गोळी, सुरू झालंय का? रात्री घामाने पातळ भिजतं का? आणि ऑपरेशन कोणत्या बाजूचं?

अमळनेरकर: ताई, मी गोळीचं नाव विचारलं. एवढी चौकशी कशाला?

भुसावळवाला: मे महिन्यात इथे धडधाकट माणूस झोपत नाही! गच्चीवर पाणी मारून खाट टाका. आमच्याकडे कालही रात्री दोन तास लाईट नव्हती.

निवृत्त_गुरुजी: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधार तयार ठेवा.

अमळनेरकर: गुरुजी, योजनेतूनच चालू आहे. ताई, फाईल काढली. डोसिटॅक्सेल, दर 21 दिवसांनी, दोन झाले. टॅमॉक्सिफेन नंतर देणार म्हणाले. घाम नाही. केमोच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस डेक्सामेथासोन असतं, सकाळी आणि रात्री नऊला जेवण झाल्यावर. त्या तीन-चार रात्रीच जास्त जड जातात, आत्ता लक्षात आलं.

जळगावची_सून: हेच विचारत होते. ते स्टेरॉईड आहे, झोप उडवतं. माझ्या केमोत मी पहाटे तीनला घरातली सगळी तांब्याची भांडी घासून काढली होती. पण मनाने बंद करू नका हं, सूज आणि ॲलर्जी येऊ नये म्हणून ते देतात. दुसरा डोस दुपारी तीन-चारला चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळीही त्यांनीच लिहून दिली तरच.

तापीकाठ: जायफळाने कोणाचं वाईट झालंय?

जळगावची_सून: दादा, मी अश्वगंधेबद्दल बोलले. डोसिटॅक्सेलचा निचरा यकृतातून होतो. तिथेच आणखी भार कशाला? अमळनेरकर, ऑपरेशन कोणत्या बाजूचं ते सांगितलं नाही तुम्ही.

अमळनेरकर: डावी बाजू. आई जन्मभर डाव्या कुशीवर झोपलेली, आता उताणी पडून आढं बघत राहते.

जळगावची_सून: उजव्या कुशीवर वळवा आणि डाव्या हाताखाली मऊ गुंडाळी द्या, खांदा लोंबकळायला नको. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका.

अमळनेरकर: आत्ताच फोन झाला. डॉक्टर म्हणाले, दुसरा डोस तीनला द्या, पोट रिकामं नको. मगाशी चिडलो, माफ करा ताई. आजीची जुनी गोधडी गुंडाळून हाताखाली दिली आहे. पुढचा केमो गुरुवारी, मग लिहितो.