मदत हवी आहे: परतीच्या पावसात सावडाव-नापणे, तंबूत एक रात्र

पायवाट: ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं कणकवलीला उतरून सावडाव आणि नापणे हे दोन धबधबे करणार आहोत. चार माणसांचा एक तंबू आहे, रेनफ्लायवर (तंबूवरच्या पावसाळी कापडावर) २००० मिमी, म्हणजे पाणी अडवायची ताकद, लिहिलंय. शनिवारी दुपारी नापण्याला पोचून धबधब्याजवळ व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी तंबू ठोकायचा बेत आहे. पाऊस आला तर काय काय बघावं लागेल? चूल पेटेल का?

सडेकर: व्हाळाकाठचा मुक्काम आधी रद्द करा. परतीचा पाऊस जुलैसारखा दिवसभर रिपरिपत नाही. सकाळी कडक ऊन, दुपारी दोन-तीननंतर घाटमाथ्यावर ढग चढतात आणि तासाभरात ओतून मोकळे होतात. खाली एक थेंब नसतानाही वरचं पाणी व्हाळाला येतं, आणि रात्री ते दिसत नाही. पाणी गढूळ व्हायला लागलं, पाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज वाढला की सामान गोळा करत बसू नका. आहात तसेच उंचावर चढा, आणि चढताना आपल्याच काठाने चढा. पलीकडे जायचा मोह नको.

बेताचा क्रमही बदला. दोन्ही धबधबे सकाळीच करा: शनिवारी सावडाव, रविवारी नापणे. दुपारी एकपर्यंत पाण्यातून बाहेर. मुक्काम गावात, कुणाच्या तरी खळ्यात, विचारून. भातकापणीचे दिवस आहेत, खळ्यात भात पसरलेलं असेल तर पडवी किंवा देवळाचा सभामंडप मिळतो का विचारा. कापलेला मळा रिकामा दिसला म्हणून त्यात तंबू लावू नका. माती ओली असते आणि मालकाला ते आवडतही नाही.

पायवाट: आणि गावाबाहेर सड्यावर, कातळाच्या पठारावर? तिथे पाणी साचत नाही ना?

सडेकर: विजेच्या दिवसांत सडा ही सगळ्यात वाईट जागा. उघडा कातळ, आणि आजूबाजूला सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका. फोनवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा, पण रेंज जाते तेव्हा कानांवर विश्वास.

ओलागोटा: तंबूबद्दल. २००० मिमी कापडाला चालेल, गळती होते ती शिवणीतून. घरी तंबू उभा करून पाइपने १५ मिनिटं पाणी मारा. जिथे झिरपेल तिथे सीम सीलर (शिवण बुजवायचा लेप) लावून दिवसभर वाळू द्या. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी ३-४ इंच लहान हवी. बाहेर डोकावणारी ताडपत्री पाऊस झेलते आणि नेमकं तुमच्या पाठीखाली आणून सोडते. हे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो, मग तंबूला शिव्या घालतो.

रेनफ्लाय आतल्या कापडाला चिकटू देऊ नका. आतून ओल दिसली तर ती बहुतेक तुमच्या श्वासाची असते, दोन्ही टोकांच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवा. आणि 'चार माणसांचा' म्हणजे सामानासकट तीन, हे धरून चला.

ओल्या मातीत तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या उपटतात. दीड फुटी लाकडी खुंट्या न्या, वरचं टोक तंबूपासून लांब कलेल अशा ठोका. जांभ्यात काहीच ठोकलं जात नाही. तिथे दोरी आडव्या काठीला बांधून काठीवर दगड ठेवा.

रानवाट_सिंधुदुर्ग: दगड उचलण्याआधी काठीने उलटा. कातळावर फुरसं (विषारी साप) दगडाखालीच बसतं, मातीच्या रंगात मिसळून जातं. चावलं तर चिरणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करू नका. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन. रात्री तंबूबाहेर पडताना बॅटरी आणि बूट, चप्पल नव्हे.

जळवा ऑक्टोबरात कमी झालेल्या असतात, पण राईत असतात. चिकटलेल्या जळूवर मीठ टाकायची पद्धत आहे, त्यापेक्षा नखाने कडेने सरकवून काढा, म्हणजे ती पोटातलं जखमेत ओकत नाही. रक्त थोडा वेळ वाहतच राहतं, घाबरू नका.

लेप्टोचं (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचं) मात्र मनावर घ्या. पायाला भेग किंवा खरचटलेलं असेल तर शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरू नका. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच. परतल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर पाण्यात गेला होतात हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

ओलागोटा: बुटांचं राहिलं. खोल नक्षीचा मऊ रबरी तळ हवा, कडक प्लॅस्टिकचे पावसाळी बूट शेवाळावर सटकतात. काळा-हिरवा चकाकणारा दगड टाळा. डोहात पोहणं नको, गढूळ पाण्यात तळ किती खाली आहे ते कळत नाही.

पायवाट: सगळ्यांचे आभार. खळ्याचं विचारतो. चूल?

सडेकर: रानातलं लाकूड आतून ओलं असतं, नुसता धूर. कणकवलीतून किंवा ज्यांच्याकडे राहाल त्यांच्याकडून सुकी सोडणं (नारळाच्या साली), करवंट्या आणि दोन चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) घ्या, पैसे देऊन. चुडतं पेटवायला, सोडणं धगीला. चौघांच्या चहा-पेजेला एक गोणपाटभर पुरतं. गॅसचा छोटा स्टोव्ह नेणार असाल तर तो तंबूच्या आत पेटवू नका, कितीही पाऊस असो. बंद तंबूत त्याचा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो.