बी-३०२ च्या बाळाच्या ऐकण्याविषयी

बी-३०२: सर्वांना नमस्कार. आज दुपारी वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू असताना आमची ४ महिन्यांची मुलगी पूर्ण जागी होती, पण ती दचकली नाही की तिने मानही वळवली नाही. खुळखुळा समोर धरला तर ती हसते. तोच पाठीमागे वाजवला तर काहीच हालचाल करत नाही. आठवडाभर हेच पाहते आहे आणि जिवाला स्वस्थता नाही.

बी-१०१ काका: अगं, उगाच घोर लावून घेऊ नकोस. आमचा धाकटा ३ वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आज तो वकिली करतो. परवा जिन्यात मी टाळी वाजवली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले होते.

बी-४०४: काका, क्षमा असावी, पण टाळीने कानांची परीक्षा होत नाही. टाळीबरोबर हात हलतो, वारा लागतो, सावली सरकते आणि बाळ त्यालाही वळून पाहते. आमच्या घरीही सगळ्यांनी ताट वाजवून निर्वाळा दिला होता. मुलाचा दोष कळला तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. कृपया तपासणी करून घ्या.

बी-२०३: काकांची टाळी गच्चीपर्यंत ऐकू जाते, तिला कोणीही वळून पाहील! 🙂

बी-४०४: गमतीत म्हणालात, पण ते खरे आहे. काही मुलांना जाडाभरडा आवाज ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ' असे बारीक ध्वनी निसटतात. मूल ऐकते आहे असे घरच्यांना वाटत राहते, आणि बोलणे अस्पष्ट आले की त्याला हट्टी ठरवले जाते. माझ्या मुलाला मी स्वतः तसे रागावले आहे. तपासणी करून घ्या.

बी-४०२: ड्रिलिंग आमच्याच घरी चालू आहे आणि त्याची परवानगी घेतलेली आहे. त्यामुळे बाळाचे कान बिघडले, असे कोणाला सुचवायचे असेल तर स्पष्ट लिहावे.

बी-२०३: तसे कोणीही लिहिलेले नाही.

बी-४०२: हा संदेश काढून टाकण्यात आला आहे.

सचिव: सभासदांनी कृपया विषयाला धरून लिहावे.

बी-३०२: जन्मानंतर तिच्या कानांची चाचणी झाली होती आणि अहवालात 'पास' लिहिले आहे. अपुऱ्या दिवसांची असल्यामुळे ती ९ दिवस अतिदक्षता विभागात होती.

बी-१०१ काका: पास आहे ना? मग प्रश्न मिटला.

बी-५०१ (ऑडिओलॉजिस्ट): काका, प्रश्न इथेच सुरू होतो. ती बहुधा ओएई चाचणी असावी. तीत कानात बारीक आवाज सोडून अंतर्कर्णातून येणारा प्रतिध्वनी मोजतात. तो आवाज पुढे मज्जातंतूतून नीट जातो की नाही, हे तीत कळत नाही. ते बेरा चाचणीत कळते. ५ दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा रक्त बदलावे लागण्याइतकी कावीळ झालेल्या बाळांची बेरा व्हायलाच हवी. शिवाय काही दोष जन्मानंतर काही महिन्यांनी उघड होतात, म्हणून एकदा मिळालेला 'पास' कायमचा नसतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असे वेळापत्रक आम्ही पाळतो. तुमच्या हातात अजून वेळ आहे. आणि वरच्या मजल्यावरच्या ड्रिलिंगने हे झालेले नाही, एवढे निश्चित.

बी-४०२: धन्यवाद. बाळाच्या झोपेच्या वेळा कळवाव्यात, त्या वेळी काम थांबवू.

बी-२०३: माझ्या सुनेला सातवा महिना आहे. आधीपासून काय जपावे?

बी-५०१: गर्भारपणात रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळाचे ऐकणे बिघडू शकते; पण त्याची लस गर्भधारणेपूर्वीच घ्यायची असते, त्यामुळे आता ती देता येणार नाही. डॉक्टरांना न विचारता कोणतेही औषध घेऊ नये. बाळ झाल्यावर कावीळ अंगावर काढू नका, कानात काडी किंवा तेल घालू नका, बाळाजवळ धूम्रपान नको, आणि आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नका. आवाजाचे खेळणे आधी स्वतःच्या कानाशी धरून पाहा. आपल्याला नकोसे वाटले तर ते बाळाला देऊ नये. मेंदूज्वर झाला तर बरे होताच कान तपासावेत, कारण त्यानंतर अंतर्कर्णात हाड वाढू लागते आणि पुढचे उपचार अवघड होतात.

बी-४०४: आणि तपासणी करून घ्या. मी पुन्हा पुन्हा लिहिते आहे, कारण मला तेव्हा कोणी इतक्यांदा सांगितले नव्हते.

बी-१०१ काका: ताई, तुमच्या मुलाविषयी मला माहीत नव्हते. मी घाईने बोललो.

बी-३०२: उद्या १० वाजताची वेळ मिळाली आहे. चाचणीत तिने गाढ झोपलेले असायला हवे, म्हणून सकाळी लवकर उठवून वाटेत झोपू देऊ नका आणि तिथे पोहोचल्यावरच पाजा, असे सांगितले आहे. हे घरी नाहीत, एकटीने कसे जमवावे ते कळत नाही.

बी-१०१ काका: मी ९ वाजता गाडी काढतो. काकू मागे बसून तिच्याशी खेळत राहतील, तिला डुलकी लागू देणार नाहीत.