मदत हवी आहे : रविवारी बाबांचं व्याख्यान आहे आणि लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जुळेना

नमस्कार मंडळी,

माझे बाबा निवृत्त अभियंता, वय ७४. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. त्यानंतर बाबा नाग नदीच्या काठाने हिंडले, फोटो काढले, जुने नकाशे जमवले आणि वस्तीतल्या लोकांसाठी ३८ स्लाइडचं व्याख्यान तयार केलं.

मागच्या महिन्यात एका सभागृहात ते पहिल्यांदा ठेवलं होतं. साठेक माणसं आली आणि भिंतीवर नुसता निळा पडदा, 'नो सिग्नल'. पाऊण तास आम्ही केबल काढत-घालत बसलो. शेवटी बाबांनी खडूने फळ्यावर नदी काढली आणि बोलले. लोकांनी मन लावून ऐकलं, पण फोटो कुणालाच दिसले नाहीत. घरी येताना ऑटोत बाबा एक अक्षर बोलले नाहीत. मला ते फार लागलं. आता त्याच जागी या रविवारी पुन्हा ठरलंय.

लॅपटॉप विंडोज ११ चा, त्याला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी. प्रोजेक्टर छताला टांगलेला, बराच जुना. भिंतीतून फक्त निळ्या टोकाची व्हीजीए केबल बाहेर येते, ती वरपर्यंत पंधरा मीटर तरी असावी. मी सीताबर्डीतून एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर आणला होता. तो लावला की लॅपटॉप क्षणभर काळा होतो, भिंतीवर एक-दोन सेकंद चित्र चमकतं आणि परत निळं. विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट (दोन्हीकडे एकच चित्र) केलं, तरी तेच. मैत्रिणीचं टाइप-सीचं अ‍ॅडाप्टर लावलं तर काहीच आलं नाही. मग पेनड्राइव्हने सभागृहाच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर बाबांचं सगळं मराठी म्हणजे नुसती चिन्हं आणि उलटसुलट मात्रा.

चूक लॅपटॉपची, कन्व्हर्टरची की त्या केबलची? आणि पाण्याच्या व्हिडिओचा आवाज सभागृहाच्या स्पीकरवर कसा न्यायचा? गुरुवारी संध्याकाळी सभागृहाची किल्ली मिळणार आहे, तेव्हा करून बघता येईल.

प्रतिसाद

ताई, टेन्शन घेऊ नका जी. मी नागपुरातच एका कॉलेजची लॅब सांभाळतो, आमच्याकडे दर सेमिनारला हेच होऊन राहिलं.

व्हीजीए १९८७ सालचं, त्यातून चित्र अ‍ॅनालॉग जातं. एचडीएमआय डिजिटल. म्हणून मधल्या डबीत चिप असते आणि तिला वीज लागते. एचडीएमआयच्या पोर्टातून पाच व्होल्ट मिळतात, पण करंट अगदी थोडा. चित्र चमकून जातं याचं एक कारण हे असू शकतं. बाजूला यूएसबी पॉवरची जागा असलेला कन्व्हर्टर घ्या आणि तिला लॅपटॉपच्या यूएसबीतून किंवा मोबाइलच्या चार्जरवरून वीज द्या.

दुसरं कारण मला जास्त पटतं. व्हीजीए केबलमधल्या दोन तारांवरून प्रोजेक्टर लॅपटॉपला कळवतो की मला एवढं रिझोल्यूशन झेपतं. भिंतीत टाकलेल्या कित्येक लांब केबलींत या तारा जोडलेल्याच नसतात. मग लॅपटॉप अंदाजाने काहीतरी पाठवतो आणि जुना प्रोजेक्टर ते घेत नाही. डुप्लिकेट सोडा, एक्स्टेंड करा, म्हणजे भिंत हा वेगळा दुसरा स्क्रीन होतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन नंबरचा स्क्रीन निवडून १०२४ × ७६८ आणि ६० हर्ट्झ ठेवा. यादीत दिसलं नाही तर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत अ‍ॅडाप्टर प्रॉपर्टीज उघडा, तिथे 'लिस्ट ऑल मोड्स' आहे. एक्स्टेंड केल्यावर भिंतीवर फक्त वॉलपेपर दिसतो, त्याला बिघाड समजू नका. स्लाइड शो सुरू केला की तो तिकडे जातो आणि बाबांच्या नोट्स लॅपटॉपवर राहतात.

व्हीजीएतून आवाज जातच नाही. कन्व्हर्टरला ऑडिओचं भोक असेल तर तिथून, नाहीतर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून अँप्लिफायरला वायर न्या. विंडोजमध्ये आवाज कुठून बाहेर पडतोय तेही बघा, एचडीएमआय लावलं की तो आपोआप तिकडे वळतो. टाइप-सीचं म्हणाल तर प्रत्येक पोर्ट चित्र देत नाही, काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात.

प्रतिसाद

मराठीची चिन्हं झाली म्हणजे मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की असंच होतं. तुमच्या लॅपटॉपवरूनच पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर ठेवा, अक्षरं तशीच राहतील. फक्त व्हिडिओ वेगळा न्या, पीडीएफमध्ये तो चालणार नाही. आणि प्रोजेक्टर ४:३ चा (रुंदी चार तर उंची तीन) असेल तर स्लाइडचा आकारही ४:३ करून घ्या. नाहीतर वर-खाली काळे पट्टे येतात आणि अक्षर लहान होतं, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद, गुरुवार रात्र

दोघांचेही मनापासून आभार. आज सगळं करून पाहिलं. यूएसबीची वीज दिली तरी चित्र चमकून जातच होतं. एक्स्टेंड करून १०२४ × ७६८ ठेवलं आणि ते थांबलं! वीस मिनिटं चालू ठेवलं, एकदाही गेलं नाही. आवाज हेडफोन जॅकमधून नेला. पीडीएफ दोन पेनड्राइव्हवर घेतली आहे.

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. आमच्या दारावरची पाण्याची खूण भिंतीवर एवढी मोठी उमटली तेव्हा ते उठून जवळ गेले आणि त्या रेषेवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग मागे वळून म्हणाले, "दार वरून रुंद दिसतंय गं, सरळ कर."

म्हणजे कीस्टोन (चित्राच्या तिरक्या कडा सरळ करणारी सेटिंग) बिघडलेला आहे आणि प्रोजेक्टरचा रिमोट कुणालाच सापडत नाहीये. शनिवारी शिडी घेऊन जाणार आहोत. प्रोजेक्टरच्या अंगावर कीस्टोनची बटणं थेट असतात की मेन्यूत शिरावं लागतं, तेवढं कुणी सांगाल का?