‘काळी पाच’ : सैगल यांच्या चरित्रात खरे किती, ऐकीव किती?

टिळकवाडीकर

येत्या 18 जानेवारीला कुंदनलाल सैगल यांच्या गाण्यांची बैठक दरवर्षीप्रमाणे आमच्या माडीवर होईल, आणि त्या दिवशी श्रोत्यांना वाटण्यासाठी आठ-दहा पानांचे एक छोटे चरित्र लिहून देण्याचे काम मंडळींनी या वेळी माझ्या गळ्यात घातले आहे. गेले दोन महिने मिळेल ते वाचून मी वहीत दोन रकाने केले आहेत. पहिल्या रकान्यात ज्यांना काही आधार आहे अशा गोष्टी आहेत : 1904 सालचा जम्मूचा जन्म, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधली उमेदवारी, 1935 चा हिंदी ‘देवदास’, 1941 मध्ये मुंबईला रणजीत मुव्हीटोनकडे येणे, 1943 चा ‘तानसेन’, 1946 चा ‘शाहजहान’ आणि 18 जानेवारी 1947 रोजी, वयाच्या 42व्या वर्षी, जालंधरला झालेला मृत्यू. दुसऱ्या रकान्यात दारू आहे, आणि तो रकाना पहिल्याच्या तिप्पट भरला आहे.

सैगल दारू पीत नव्हते, असे मला म्हणायचे नाही. ते पुष्कळ पीत आणि त्याने त्यांची प्रकृती ढासळली, एवढे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितलेले आहे. माझा आक्षेप पुढच्या मजल्यांवर आहे. प्याल्याशिवाय त्यांना एकही गाणे गाता येत नसे, ते पेल्याला ‘काली पाँच’ म्हणत, त्यांच्याच इच्छेवरून अंत्ययात्रेत ‘जब दिल ही टूट गया’ वाजवले गेले, या गोष्टी प्रत्येक लेखात नव्या तपशिलासह येतात, पण हे कोणी पाहिले हे मात्र फार थोड्या ठिकाणी दिलेले असते. जिथे जन्माची तारीखसुद्धा कोणी 4 एप्रिल छापतो आणि कोणी 11 एप्रिल, तिथे अमुक रात्री त्यांनी किती पेले घेतले हे इतक्या खात्रीने कसे सांगता येते? बेळगावच्या सीमाप्रश्नाने आपल्याला एक सवय लावली आहे : गावाचे नाव निघाले की आपण जनगणनेचा आकडा आणि जमिनीचा उतारा मागतो. तीच सवय इथे लावावी, ज्या गोष्टीला प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नाही ती गाळावी, आणि दारूविषयी एकच वाक्य ठेवावे, असे माझे मत आहे. आपणा सर्वांना काय वाटते?

निपाणीकर

टिळकवाडीकर, आपल्या दोन रकान्यांचा मला आदर आहे, पण आपण जे लिहायला निघाला आहात ते चरित्र नसून पंचनामा होईल. आमच्या घरी रेडिओ सिलोनवर रोज सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागत असे, आणि आठला तीन-चार मिनिटे कमी असताना सैगल यांचे गाणे सुरू झाले की वडील दाढीचा साबण तसाच गालावर ठेवून थांबत. ते गाणे संपल्यावर ते न चुकता एखादी गोष्ट सांगत, आणि ती बहुतेक वेळा दारूचीच असे. सैगल आमच्या पिढीला गाणे आणि गोष्ट असे जोडीनेच मिळाले. त्यांतले एक फेकून दुसरे ठेवणे मला जमणार नाही.

दुसरे असे की, साक्षीदार नाही हे आपले म्हणणे पुरते खरे नाही. ‘शाहजहान’चे संगीतकार नौशाद यांनी ‘जब दिल ही टूट गया’ची हकीकत स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्यांनी ते गाणे सैगल यांच्याकडून आधी न पिता गाऊन घेतले, मग पिऊन गाऊन घेतले, आणि दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकवली तेव्हा सैगल यांना स्वतःलाच न पिता गायलेले अधिक आवडले. नौशाद त्या खोलीत होते. त्यांचीही साक्ष चालणार नसेल, तर मग कोणाची चालेल?

आणि एक घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या चुलत आजोबांनी सैगल यांना बेळगाव स्टेशनावर पाहिले होते. गांधीजी गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सैगल कोल्हापूरला चित्रीकरणासाठी निघाले होते, गाडी बेळगावला थांबली, त्यांनी खिडकीतून पितळेचा पेला बाहेर काढून विसळला आणि फलाटावरच्या पोरांना दोन ओळी गाऊन दाखवल्या. ही गोष्ट मी लहानपणापासून किमान पन्नास वेळा ऐकली आहे. आपल्या चरित्रात बेळगावचा एवढा तरी उल्लेख असू द्या.

खानापूरकर

मी गेली 30 वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे ‘काली पाँच’पासूनच सुरुवात करतो. लहानपणी हा शब्द प्रथम कानावर आला तेव्हा सैगल काळी पाचच्या पट्टीत, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी षड्ज धरून, गात असावेत असा माझा प्रामाणिक समज झाला होता. पुरुषाचा आवाज साधारणपणे काळी एक, काळी दोनच्या आसपास लागतो आणि काळी पाच ही बहुधा बायकांची पट्टी, म्हणून हा माणूस कोणत्या दमाचा असेल याचे मला कितीतरी दिवस आश्चर्य वाटत होते. पुढे कळले की ती स्वराची नव्हे, पेल्याची पट्टी. शब्द इतका चपखल आहे की तो खुद्द सैगल यांचा असावा असे मला वाटते, कारण अशी कोटी पेटीपुढे बसणाऱ्यालाच सुचते. पण ‘मला वाटते’ हा पुरावा नव्हे, हेही मी जाणतो.

आता नौशाद यांच्या साक्षीकडे वळू. निपाणीकर म्हणतात तसे ते खोलीत होते, हे निर्विवाद आहे. पण तेव्हा जेमतेम 26 वर्षांचे असलेले नौशाद ही गोष्ट सांगत राहिले ते पुढची अनेक दशके, आणि तोवर तिला दुजोरा द्यायला किंवा ती खोडायला सैगल हयात नव्हते. शिवाय या गोष्टीत शहाणा ठरतो तो सांगणाराच : वडीलधाऱ्या गायकाला त्याची चूक दाखवणारा तरुण संगीतकार. यावरून गोष्ट खोटी ठरत नाही. साक्षीदाराचा त्यात वाटा आहे, एवढेच दिसते, आणि तो वाटा वजा करून जे उरते तेच घ्यावे. माझ्या हिशेबाने जे उरते ते असे : सैगल ध्वनिमुद्रणाच्या वेळी पीत असत, आणि न पिता ते उत्तम गाऊ शकत होते. म्हणजे ‘प्याल्याशिवाय गाता येत नसे’ या लोककथेचा सर्वांत मोठा आधार म्हणून जी हकीकत सांगितली जाते, तीच नीट ऐकली तर त्या लोककथेच्या विरुद्ध साक्ष देते. गंमत आहे!

काही जाणकार म्हणतात की त्या गाण्यात दारू ऐकू येते. मी ती तबकडी शंभर वेळा ऐकली असेल. शब्द किंचित ओढलेले आहेत, पण ते तसे त्यांच्या तरुणपणच्या गाण्यांतही आहेत, ती त्यांची ढबच होती. त्या काळी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच खोलीत गात-वाजवत असे. मध्येच कोणी चुकले तर गाणे पहिल्यापासून घ्यावे लागे, कारण आवाज मागाहून वेगळा बसवण्याची सोय नव्हती. शुद्धीवर नसलेला गायक हे काम 15 वर्षे करून सुमारे 185 गाणी मागे ठेवतो, हे मला पटत नाही.

स्टेशनाच्या गोष्टीबद्दल, निपाणीकर, रागावू नका. गांधीजी गेले 30 जानेवारी 1948 रोजी, म्हणजे त्याच्या पुढचा उन्हाळा 1948 चा धरला काय किंवा 1949 चा, सैगल तेव्हा हयात नव्हते. दुसरे म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला जाणारा माणूस मिरजेलाच वळतो. बेळगाव मिरजेच्या दक्षिणेला, लोंढ्याच्या वाटेवर आहे, आणि कोल्हापूरची गाडी चुकून इकडे येणे शक्य नाही.

निपाणीकर

तारखेचे मान्य करतो, आजोबा साल चुकले असतील. मिरजेचेही मान्य करतो. पण 36 चित्रपट आणि 185 गाणी केली म्हणून माणूस पीत नव्हता, हा युक्तिवाद मला मान्य नाही. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे नट गणपतराव जोशी आयुष्यभर व्यसनात होते आणि तरीही त्यांचा हॅम्लेट पाहिलेली माणसे दुसऱ्या कोणाचा हॅम्लेट पाहायला तयार नव्हती. काम आणि व्यसन एका देहात नांदू शकतात.

खानापूरकर

पीत नव्हते असे मी म्हटलेलेच नाही, कृपया पुन्हा वाचावे. ‘प्याल्याशिवाय गाता येत नसे’ एवढ्याच वाक्याला माझा विरोध आहे.

आणि ही वाक्ये कशी जन्मतात, याचाही विचार व्हावा. ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आला तेव्हा दारूपायी नाश पावणाऱ्या सुधाकराची भूमिका गणपतराव बोडस यांनी केली, पण त्यावरून बोडसांना कोणी मद्यपी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सैगल यांनी मात्र 1935 साली दारूत बुडालेला देवदास केला आणि लोकांनी तो त्यांच्या अंगाला कायमचा चिकटवला. फरक कशात आहे? बोडस ऐंशी वर्षांहून अधिक जगले, सैगल बेचाळिसाव्या वर्षी गेले. लवकर गेलेल्या माणसाच्या मृत्यूला लोकांना कारण हवे असते, आणि ते पडद्यावर आयतेच पाहायला मिळाले होते. बंगालीत देवदासची भूमिका करणारे आणि दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक असलेले प्रमथेश बरुआ 48व्या वर्षी वारले, तेव्हा त्यांच्याभोवतीही याच वळणाच्या कथा जमल्या.

प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणाराही किती फसवू शकतो, याचे एक परदेशी उदाहरण देतो. हॉलीवूडचे जॉन बॅरीमोर हे नामांकित नट आणि तितकेच नामांकित मद्यपी. ते 29 मे 1942 रोजी वारले. त्यांचे मित्र एरॉल फ्लिन यांच्या आत्मचरित्रात, जे 1959 साली फ्लिन यांच्याही मृत्यूनंतर बाहेर आले, अशी हकीकत आहे की दिग्दर्शक राऊल वॉल्श यांनी त्या रात्री पैसे चारून बॅरीमोर यांचे प्रेत बाहेर काढले आणि फ्लिन यांच्या घरी खुर्चीत नेऊन बसवले. फ्लिन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे सांगतात, वॉल्शही दुजोरा देतात, म्हणजे दोन साक्षीदार झाले! पण बॅरीमोर यांचे चरित्रकार जीन फाउलर आणि फाउलर यांचा मुलगा ती सबंध रात्र प्रेताजवळ बसून होते, आणि प्रेत कोणी हलवले नाही असे त्यांनी सांगितले. मुलाच्या सांगण्याप्रमाणे त्या रात्री एकच व्यक्ती आली : एक वयस्क वेश्या. तिने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि काही न बोलता ती निघून गेली. खुर्चीतल्या प्रेताची गोष्ट जगभर गाजली, या बाईची फारशी कोणाला माहीत नाही. मला विचाराल तर चरित्रात घेण्याजोगी गोष्ट हीच होती.

चिकोडीकर

मी सहसा लिहीत नाही, पण आपण तिघेही दारूकडे दागिन्यासारखे पाहत आहात म्हणून लिहितो. आमच्या घरातला एक कर्ता माणूस दारूने गेला. शेवटची चार वर्षे मी जवळून पाहिली आहेत. त्यात सांगण्यासारखी एकही मजेदार गोष्ट घडली नाही. सकाळी चहाची बशी दोन्ही हातांत धरूनही ओठांपर्यंत पोहोचत नसे, दुपारी उधारी मागणारे येत, आणि रात्री आई दाराची कडी लावावी की नाही याचा विचार करत बसे. सैगल यांच्या दारूच्या जेवढ्या गोष्टी मी ऐकल्या, त्या सगळ्यांचा शेवट एखाद्या सुंदर गाण्यात किंवा चटकदार कोटीत होतो. पिणाऱ्याच्या घरात असे रोज घडत नाही. म्हणून माझी कसोटी सोपी आहे : ज्या गोष्टीत दारूचा शेवट गोड होतो, तिच्यावर आधी संशय घ्यावा. टिळकवाडीकरांनी दारूचे एकच वाक्य ठेवावे, या मताचा मात्र मी नाही. उलट, ती माणसाला कशी खाते यावर एक पान असावे.

टिळकवाडीकर

चिकोडीकर, आपले पत्र वाचून मी वही बराच वेळ बाजूला ठेवली होती. आपण म्हणता ते पान लिहायला हवे हे मला पटते, पण सैगल यांच्या घरातल्या त्या वर्षांचे कागद माझ्यापाशी नाहीत, आणि आपल्या घरातले दुःख उचलून त्यांच्या घरात ठेवले तर तीही एक अफवाच होईल. तेवढे मला करता येणार नाही.

माझे पहिले मत मी थोडे बदलतो. नौशाद यांची हकीकत ‘नौशाद यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे’ या शब्दांनी सुरू करून पूर्ण देईन, आणि ती लोककथेच्या उलट बाजूने बोलते हे खानापूरकरांचे निरीक्षण त्याखाली लिहीन. ‘काली पाँच’ ठेवीन, कारण त्यात कोणावर आरोप नाही. अंत्ययात्रेतले गाणे गाळतो. ते ज्याने स्वतः ऐकले असा एकही माणूस मला वाचनात भेटला नाही. स्टेशनाची गोष्ट अर्थातच गाळली आहे.

निपाणीकर

काल रात्री मी आत्याला फोन केला. ती 91 वर्षांची आहे आणि आजोबांची ही गोष्ट ऐकलेल्यांपैकी तीच एक उरली आहे. मी साल विचारले, गाडी विचारली, पेला पितळेचा होता की काचेचा तेही विचारले. ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, “ते कुठं गेलते स्टेशनावर? त्यांचा दोस्त गेलता. ह्यांना ताप आलता त्या दिवशी.”

म्हणजे ज्या साक्षीदाराच्या जोरावर मी इथे इतके दिवस भांडलो, तो अंथरुणात होता. त्या दोस्ताने कोणाला पाहिले हे आता विचारायला कोणी राहिलेले नाही. एखाद्या नाटक कंपनीतला गाणारा नट असेल, किंवा कोणीच नसेल. तरीही टिळकवाडीकरांना माझी विनंती कायम आहे : चरित्रात नको, पण 18 तारखेला बैठकीत, चहाच्या वेळी, ही गोष्ट मला एकदा सांगू द्यावी. तापासकट सांगेन.