मदत हवी आहे: न्यूरल ट्यूब डिफेक्टचा दर काढताना छेदात काय घ्यायचं?

गोदाकाठ_पीजी: थिसिसचा सिनॉप्सिस (आराखडा) सोमवारी द्यायचाय, प्लीज लवकर सांगा. विषय: नाशिक जिल्ह्यातलं न्यूरल ट्यूब डिफेक्टचं (गर्भात मेंदू-मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी नीट न मिटल्याने होणारं व्यंग) प्रमाण. लेबर रूमच्या रजिस्टरमधल्या केसेस भागिले जिवंत जन्म, गुणिले हजार. आकडा भलताच मोठा येतोय. फॉर्म्युला कुठे चुकतोय? "गूगल कर" म्हणू नका, करून झालंय.

वरणफळ: कुठलं हॉस्पिटल? किती वर्षांचा डेटा? केस कशाला म्हणताय?

गोदाकाठ_पीजी: नाव नको. मोठं रेफरल सेंटर आहे. फॉर्म्युल्याचं सांगा ना.

जुना_पीएसएमवाला: रेफरल सेंटर हे आधी सांगायचं! सोनोग्राफीत बाळाच्या पाठीवर गाठ दिसली की सुरगाणा-पेठच काय, धुळे-नंदुरबारहूनही बाई नाशकात येते. तिच्या गावातली सरळ बाळंतपणं मात्र तिथल्याच पीएचसीत होतात. अंश फुगणारच. पत्त्याचा रकाना बघ, जिल्ह्याबाहेरच्या केसेस काढ, छेदात जिल्ह्यातले सगळे जन्म घे. नाहीतर शीर्षकातून "जिल्हा" उडव.

डॉ_खटपट: मी तर म्हणेन आकडा कमीच भरतोय. अॅनेन्सेफली (मेंदू-कवटी नीट न बनणं) तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सोनोग्राफीत कळते, आणि बऱ्याच जणी गर्भपात करून घेतात. गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाच्या निर्णयाने 24 आठवड्यांनंतरही करता येतो. या केसेस लेबर रूमच्या रजिस्टरला कुठून येणार? अंशात जिवंत जन्म, मृत जन्म आणि व्यंगामुळे केलेले गर्भपात, तिन्हींतल्या केसेस हव्यात. छेदात जिवंत अधिक मृत जन्म.

जुना_पीएसएमवाला: अंशात गर्भपात आणि छेदात नाहीत, हे कुठलं गणित?

डॉ_खटपट: जगभरच्या रजिस्ट्र्या तसंच करतात, सर. आपोआप पडलेले गर्भ कोण मोजणार? म्हणून तर इन्सिडन्स (नव्याने किती झाल्या) न म्हणता प्रिव्हॅलन्स (किती आढळल्या) म्हणतात.

गोदाकाठ_पीजी: आमचे गाईड इन्सिडन्सच म्हणतात 🙏

द्राक्षबाग_निफाड: औषध फवारणीने होतं का हे? आमच्याकडे सगळे बोलतात.

जुना_पीएसएमवाला: दादा, आधी मोजू द्या, मग कारणं.

माईंचा_डबा: सुनेला तिसरा महिना आहे, फॉलिक अॅसिड चालू आहे. पालेभाजी खाल्ली तर गोळी बंद केली चालेल का?

डॉ_खटपट: माई, गोळी बंद करू नका. खरं तर ती दिवस राहण्याआधीपासून हवी, कारण नळी गर्भधारणेपासून 28 दिवसांत मिटते. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर डोस रोज 4 मिलिग्रॅम लागतो, एरवी 400 मायक्रोग्रॅम. बाकी तिच्या डॉक्टरांना विचारा.

वरणफळ: माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाही. केस म्हणजे काय?

गोदाकाठ_पीजी: शेऱ्यात कुठे "एमएमसी" (मज्जारज्जूसकट पाठीवर आलेली गाठ), कुठे "डोकं मोठं", कुठे नुसतंच "बाळास व्यंग". हायड्रोसेफलस (डोक्यात पाणी साठणं) सगळे धरलेत.

वरणफळ: घ्या! नुसता हायड्रोसेफलस यात बसत नाही. अॅनेन्सेफली, स्पायना बायफिडा (मणका उघडा राहणं), एन्सेफॅलोसील (कवटीच्या फटीतून बाहेर आलेली गाठ) एवढंच धरा. एमएमसीसोबतचा हायड्रोसेफलस स्पायना बायफिडात मोजून झालाच, पुन्हा नको. "बाळास व्यंग"वाल्यांचे केसपेपर काढा. आणि रेंज द्या, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते: समजा 10,000 जन्मांत 9 केसेस निघाल्या, तर 95 टक्क्यांची रेंज साधारण 4 ते 17 येते.

गोदाकाठ_पीजी: एमटीपीचं (गर्भपाताचं) रजिस्टर गोपनीय असतं, मला कोण दाखवणार?

जुना_पीएसएमवाला: नावं मागूच नकोस. निदान, आठवडे, तालुका, बस्स. एथिक्स कमिटीच्या अर्जातही तसंच लिही.

द्राक्षबाग_निफाड: मग फवारणीचा धागा मी काढू का वेगळा?