मदत हवी आहे: पळताना पायांच्या आधी श्वासच दमतो

दमछाक_दादा:
शर्यतीच्या वेगाने पळताना शेवटच्या टप्प्यात बरगड्या आवळल्यासारख्या होतात, श्वास उथळ होतो आणि मग पाय जड पडतात. पाय आधी दमत नाहीत, श्वासच आधी दमतो. श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम करायचं ते तोंडात धरायचं यंत्र घ्यावं का? कुणी वापरलं असेल तर लवकर सांगा, शर्यत जवळ आली आहे. प्राणायाम सुचवू नका.

सायकलवाली:
किती अंतर? वय? किती वर्षं पळताय? सुरुवात सुसाट करता का? काहीच लिहिलं नाहीत.

ओंकारनाद:
प्राणायाम नको म्हणालात तरी सांगतोच. अनुलोम-विलोम रोज करा, फुप्फुसांची ताकद दुप्पट होईल.

तिरकस:
दुप्पट! मग दोन महिन्यांनी चौपट का?

दमछाक_दादा:
10 किमी. वय 38. सुरुवात बेताचीच करतो. प्रश्न यंत्राचा आहे.

लोखंडी_फुप्फुस:
घ्या बिनधास्त. मी वापरतो. सकाळ-संध्याकाळ 30-30 श्वास, जोरात आत ओढायचे. जेमतेम अर्ध्या ताकदीने ओढता येईल इतकाच अडथळा ठेवायचा. चार-सहा आठवड्यांत फरक कळतो. लंग कपॅसिटी वाढते.

फिजिओताई:
लोखंडी, पद्धत बरोबर, कारण चूक. फुप्फुसं मोठी होत नाहीत आणि व्हीओटू मॅक्सही (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) सहसा हलत नाही. बळकट होतात ते श्वास आत ओढणारे स्नायू, मुख्यतः डायाफ्रॅम (छाती आणि पोटामधला पडदा).

दादा, पाय जड पडतात त्याचंही कारण आहे. व्हीओटू मॅक्सच्या 80-85 टक्क्यांच्या वरचा जोर दमेपर्यंत टिकवला की डायाफ्रॅम खरोखर थकतो. मग त्याच्याकडून मेंदूकडे संदेश जातात आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पायांचं रक्त कमी होतं. 1997 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात डेम्पसी यांच्या गटाने सायकलपटूंवर हे मोजलं होतं. पूर्ण जोर लावत असताना व्हेंटिलेटरने (तुमचं यंत्र नव्हे, श्वासाला मदत करणारं) श्वासाचं काम हलकं केलं तर पायांकडचा रक्तप्रवाह वाढला, श्वासाला अडथळा लावला तर घटला.

पण यंत्र घेण्याआधी सांगा: श्वास आत घेताना आवाज येतो का? थांबल्यावर किती वेळात बरं वाटतं?

लोखंडी_फुप्फुस:
मला तरी पळताना दम कमी लागतो. कारण काहीही असो.

तिरकस:
यंत्राचे पैसे वसूल झाले असं वाटलं तरी दम कमी लागतो.

मुखवटा:
त्यापेक्षा मास्क लावून पळा. उंच डोंगरावर सराव केल्यासारखं होतं.

सायकलवाली:
नाही होत. मास्कने श्वास ओढायला जड जातो, हवेतला ऑक्सिजनचा दाब तोच राहतो. डोंगरावर तो दाबच कमी असतो.

दमछाक_दादा:
आवाज नाही. थांबल्यावर श्वास दोनेक मिनिटांत ठीक होतो. नंतर थोडा वेळ कोरडा खोकला येतो, तो सगळ्यांनाच येतो. यंत्र घेऊ की नको, एका शब्दात सांगा.

फिजिओताई:
सगळ्यांना येत नाही! हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला किंवा छाती दाटणं म्हणजे श्वासनलिका आकसत असू शकतात, कोरड्या-थंड हवेत जास्त. तसं असेल तर स्नायू कितीही कमावा, मूळ अडचण राहीलच. एका शब्दात: थांबा.

सायकलवाली:
+1. आणि नुसती बसून केलेली स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसं तपासतात ती) नॉर्मल आली म्हणून परत फिरू नका. व्यायामाच्या आधी आणि नंतर फुंकायला लावतात ती चाचणी मागा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 10 टक्के किंवा जास्त घटली तर शंका खरी. रक्त देणारच असाल तर हिमोग्लोबिन-फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या.

तिरकस:
दादांनी यंत्र विचारलं, हाती चाचण्यांची यादी आली.

दमछाक_दादा:
बरं, चाचणी करतो. खोकल्याचं नाही निघालं तर शर्यतीआधी यंत्राने काही होईल का, तेवढं सांगा. तीन आठवडे आहेत.

फिजिओताई:
तीन आठवड्यांत फार आशा नको. या शर्यतीला वॉर्मअप लांबवा आणि पहिले दोन किमी मुद्दाम मागे राहा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा.

ओंकारनाद:
अनुलोम-विलोमला तीन आठवडे पुरतात.

वाटसरू:
धागा पूर्ण वाचला नाही. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, शेवटी पाय सुजतात.