निर्गुडीचा अर्क सुजेवर आणि दुखण्यावर टेस्ट करायचाय, कुठलं मॉडेल (चाचणीची पद्धत) घेऊ?

निर्गुडीवाली_अंधेरी
नमस्कार मंडळी. एम.फार्म फार्माकॉलॉजी करतेय, मुंबईतलंच कॉलेज. गाईडनी निर्गुडीच्या पानांवर प्रोजेक्ट घ्यायला सांगितलंय, सूज आणि दुखणं दोन्ही. सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) लवकरच द्यायचाय आणि डोक्यात नुसता गोंधळ. लायब्ररीत सीनियर्सचे थिसीस चाळले तर सगळीकडे एकच साचा, इथेनॉलचा एक्स्ट्रॅक्ट काढा, २०० आणि ४०० मिग्रॅ प्रति किलो तोंडावाटे द्या, कॅराजीननने (समुद्री शेवाळातला सूज आणणारा पदार्थ) रॅटचा पाय सुजवा, हॉट प्लेट (गरम प्लेटवर प्राणी किती वेळ सहन करतो ती वेदनेची टेस्ट) करा, "सिग्निफिकंट अ‍ॅक्टिव्हिटी" लिहा, संपलं. आमच्या गावी आजी गुडघ्याला निर्गुडीचा पाला गरम करून बांधते, पोटात घेताना मी तरी कोणाला बघितलं नाही. मग मी तोंडावाटे देऊन नक्की काय तपासणार? वर एक मैत्रीण म्हणतेय अ‍ॅनिमलच्या भानगडीत पडूच नको, अंड्याच्या पांढऱ्यावर अल्ब्युमिन डीनेचरेशन (तापवल्यावर त्यातलं प्रोटीन किती गोठतं ते बघणं) कर, ग्राफ लगेच तयार. आणि पाला कुठून आणायचा, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून आणला तर चालेल का?

परळचा_पीजी
हाहा, अर्धा सिनॉप्सिस आजीनेच लिहून दिलाय की तुला.

आधी तो ४०० चा आकडा माणसात आणून बघ. रॅटचा डोस ६ ने गुणायचा आणि ३७ ने भागायचा, येतात साधारण ६५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ४ ग्रॅम सुका अर्क. १०० ग्रॅम सुक्या पाल्यातून १० ग्रॅम अर्क निघाला असं धर, तर एका डोसला ४० ग्रॅमच्या आसपास सुका पाला झाला. एवढा कोण गिळणार आहे? थिसीसमध्ये हे गणित कोणी करत नाही कारण केलं की "पोटेन्शियल ड्रग" वगैरे लिहिताना हात थरथरतो.

कॅराजीनन मॉडेल मात्र वाईट नाहीये, १९६२ पासून चालू आहे ते उगाच नाही. पायाच्या तळव्यात १ टक्का द्रावण ०.१ मिली टोचलं की पहिल्या तास-दीड तासातली सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिनमुळे असते, तिसऱ्या तासाच्या सुमाराला प्रोस्टाग्लँडिन जोर धरतात, डायक्लोफिनॅक, इंडोमेथासिन ही सूज उतरवणारी औषधं तिथे काम करताना दिसतात. म्हणून "इतके टक्के इनहिबिशन" एवढंच लिहून सोडू नकोस, कुठल्या तासाला फरक पडला ते बघ, त्यावरून अर्क कुठे काम करतोय त्याचा थोडा तरी अंदाज येतो.

हॉट प्लेटवर लोक सर्रास डायक्लोफिनॅक स्टँडर्ड (तुलनेचं औषध) म्हणून ठेवतात आणि मग तेच धड काम करत नाही म्हणून रडतात. ५५ डिग्रीची प्लेट, १५ सेकंदांचा कट-ऑफ, ती टेस्ट मेंदू आणि मज्जारज्जूतून होणारं वेदनाशमन पकडते, तिथे मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन घराण्यातलं काहीतरी लागतं. ही सगळी एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येतात (ट्रॅमाडॉल २०१८ पासून), कागदपत्रांना वेळ जातो, आत्तापासून मागे लाग.

आणि तुझा प्रश्न जर "पाला बाहेरून लावला तर सूज उतरते का" हा असेल तर माईसच्या कानावर क्रोटन ऑइलचं मॉडेल आहे. क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा, कानाला लावला की कान लाल होऊन सुजतो, त्यावर तुझा अर्क लावायचा, काही तासांनी दोन्ही कानांच्या सारख्या मापाच्या चकत्या पंच करून वजन करायचं. करायला सोपं आणि तुझ्या आजीच्या जवळ जाणारं.

रोटाव्हॅप_रात्रपाळी
नॅशनल पार्कातलं पानसुद्धा तोडू नकोस, वनखात्याची परवानगी लागते, गार्डने धरलं तर प्रोजेक्ट राहील बाजूला. वसई, पालघर, कर्जतकडे शेताच्या बांधावर निर्गुडी मुबलक, मालकाला विचारून घे. काळबादेवीतून पावडर तर अजिबात आणू नकोस, त्यात पानं कुठली आणि काड्या कुठल्या हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. निळसर जांभळ्या फुलांसकट फांदी दाबून वाळव आणि झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) ऑथेंटिकेशनला, म्हणजे ओळख पटवायला दे, व्हाउचर नंबर (नमुन्याचा नोंदणी क्रमांक) मिळाला की एक्स्टर्नल परीक्षकाचं तोंड तिथेच बंद. पावसाळ्यात वाळवायला काढू नकोस एवढं नक्की ऐक. मुंबईच्या जुलैमध्ये सावलीत पसरलेल्या पाल्याला वाळण्याआधी बुरशी धरते आणि मग अर्क बुरशीचा की निर्गुडीचा ते देव जाणे.

अल्ब्युमिनबद्दल. रीडिंग ६६० नॅनोमीटरला घेतात ना? क्लोरोफिलचा शोषणाचा एक मोठा पीक तिथेच आहे. हिरवागार पानांचा अर्क टाकलास तर कलरिमीटर तुझा हिरवा रंगच मोजत बसेल. प्रत्येक डोसला अल्ब्युमिन न घातलेला ब्लँक ठेवायचाच. त्यात टॅनिन (तुरट द्रव्यं) असले तर ते स्वतःच प्रोटीनला चिकटून गढूळ करतात. शिवाय अंड्याचं पांढरं तापवल्यावर कमी गोठलं म्हणून माणसाचा गुडघा बरा होतो हे कोणी सिद्ध केलंय मला माहीत नाही. सुरुवातीची चाळणी म्हणून ठीक, त्यावर प्रोजेक्ट उभं करू नको.

वैद्य_ठाणेकर
बीएएमएस, ठाण्यात प्रॅक्टिस आहे. एक दुरुस्ती, निर्गुडी पोटात घेतच नाहीत असं नाही, पानांचा स्वरस आणि काढा दोन्ही वापरात आहेत. पण सांध्यांना जास्त करून तेल आणि पत्रपिंड स्वेद, म्हणजे पानं चिरून तेलात परतून पोटली बांधतात आणि तिने शेकतात. आता यातलं काय तुमच्या इथेनॉलमध्ये उतरतं? तेलातली द्रव्यं वेगळी, पाण्याच्या काढ्यातली वेगळी. इथेनॉलचा एक्स्ट्रॅक्ट काढून "आयुर्वेदातल्या वापराला पुष्टी मिळाली" असं शेवटी लिहितात ते वाचून आम्हाला हसावं की रडावं कळत नाही. निदान पाण्याचा एक अर्क तरी समांतर ठेव.

आणि शेकण्यातली ऊब स्वतःच दुखणं कमी करते हे आम्हालाही मान्य आहे. पाल्याचा हिस्सा किती आणि गरम फडक्याचा किती हे रॅटमध्ये कसं वेगळं करणार?

परळचा_पीजी
वैद्यबुवांचा हाच मुद्दा मला सर्वात आवडला. रॅटमध्ये ते जमणार नाही, प्रोजेक्टमध्ये तो दावाच करू नये. माणसात करायचं तर एका गटाला निर्गुडीची पोटली आणि दुसऱ्याला तेवढीच गरम साधी पोटली, एथिक्स कमिटी, सीटीआरआय (माणसांवरच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी, तो वेगळा संसार.

सांधेदुखी_दादर
मध्येच विचारते, राग मानू नका. मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, गुडघे फार दुखतात. तुम्ही सगळे बोलताय तो काढा घरी करून प्यायला तर चालेल का?

वैद्य_ठाणेकर
काकू, पोटात काही घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. बाहेरून शेकायला हरकत नाही पण मधुमेह असेल आणि पायाला चटके कळत नसतील तर तेही जपून. गुडघा एकदम लाल, गरम झाला किंवा ताप आला तर पाला बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

निर्गुडीवाली_अंधेरी
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. गाईडशी बोलले. पाण्याचा आणि इथेनॉलचा असे दोन अर्क, कानाचं मॉडेल मुख्य, कॅराजीनन सोबत, अल्ब्युमिन फक्त चाळणीला. हॉट प्लेटऐवजी अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं राइदिंग करू का? सर म्हणाले सोपं आहे, नुसते माईसच्या पोटाचे आळोखेपिळोखे मोजायचे.

परळचा_पीजी
कर, पण सोबत रोटारॉड (फिरता दांडा, त्यावर माईस तोल सांभाळतो का ते बघतात) ठेव. राइदिंग कशानेही कमी होतं, झोप आणणाऱ्या औषधाने होतं, स्नायू सैल करणाऱ्याने होतं. माईस गुंगीत असेल तर पिळवटणार कसा, आणि तू अर्काला अ‍ॅनाल्जेसिक (वेदनाशामक) म्हणून मोकळी. रोटारॉडवर नीट टिकला तरच त्या आकड्यांना अर्थ.

बाकी, अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही प्राण्याला हात लावायचा नाही, मंजुरीचा अर्ज, फॉर्म बी, भरताना किती प्राणी आणि का हे नीट लिही, "मागच्या बॅचने सहा-सहा घेतले होते" हे कारण नसतं. कॅराजीननच्या वेळी घोट्यावर मार्करने रेघ मार आणि प्लेथिस्मोमीटरमध्ये (पायाचं आकारमान मोजणारं यंत्र) दरवेळी पाय त्या रेघेपर्यंतच बुडव. रीडिंग एकाच माणसाने घ्यायचं आणि त्याला कुठला रॅट कुठल्या गटातला हे माहीत नको. लॅबमध्ये कोणी तयार होत नसेल तर ज्युनियरला चहा पाज आणि बसव.